धुणाऱ्याचे धुणे

परीट, मडवळ, परीटघडी, खळ, पिळा... वस्त्रप्रक्षालनाभोवती मराठीने केवढा तरी शब्दसंभार जमवला आहे. यंत्राच्या बाबतीत मात्र ती इतकी उदार झालेली दिसत नाही. 'धुलाईयंत्र' हा शब्द छापील कागदापुरता. बोलताना आम्ही सारे 'मशीन'च म्हणतो. आणि ते मशीनही मळते, त्यालाही धुवावे लागते, या क्रियेला तर नावच नाही. बिननावाचे काम घरात कोणाच्याच वाट्याचे नसते.

आमच्या घरी आत्या दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. रोजच्या दोन-तीन चादरी धुवाव्या लागतात. गेल्या आषाढात त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "चादरीक कुबट वास येता गो. सांगूक लाज वाटता." लाज त्यांना वाटावी, हे आम्हांला फार लागले. वास त्यांचा नव्हता. तो मशीनचा होता.

समोरून उघडणाऱ्या मशीनच्या दाराभोवती रबराचे कडे असते. त्याची घडी बोटाने उलटून पाहिली, तर आत काळी बुरशी, राखाडी बुळबुळीत थर, थोडी वाळू आणि एक आकडा. खालच्या कोपऱ्यातील झडपेमागची गाळणी उघडली, तेव्हा परातभर पाणी आणि त्यासोबत आणखी वाळू आली. (परात आधीच खाली ठेवावी, नाहीतर सारे घर सारवून निघते.)

बाजारात मशीन स्वच्छ करण्याची जी पूड मिळते, तिचा मुख्य रोख चुन्याच्या थरावर असतो. देशावरच्या कूपनलिकांच्या जड पाण्याला ती योग्यच. आमच्या जांभ्यातले पाणी बहुधा मृदू. त्यात चुना कमी आणि लोहाचा तांबूस अंश अधिक. मृदू पाण्याला साबण कमी लागतो. आपण मात्र पुड्यावर छापलेल्या मापाने, वर मूठभर मायेने, तो घालत राहतो. न विरघळलेला साबण, अंगाचे तेल आणि थंड पाणी यांतूनच तो बुळबुळीत थर बसतो. उपाय साधा आहे: पूड निम्म्यावर आणावी आणि महिन्यातून एकदा मशीन साठ अंशांवर किंवा त्याहून गरम पाण्यात रिकामे चालवावे. लिंबूसत्त्व घातले असेल तर त्याच फेरीत ब्लीच घालू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

समुद्राजवळची गोष्ट आणखी वेगळी. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्याचे कौतुक आपण पाहुण्यांना सांगतो. पण कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर विहिरीचे पाणी मचूळ होण्याचे भय कायमचे. मशीनचे पोलादी पिंप पाठीमागे अ‍ॅल्युमिनियमच्या तीन हातांच्या आधारावर फिरते. दोन वेगळे धातू, मध्ये खारी ओल आणि साबणाचा थर. अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. हे बाहेरून दिसत नाही. पिळताना खडखडाट ऐकू येतो, तेव्हा उशीर झालेला असतो. असो.

विजेचे तर विचारूच नये. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावरचे खांब आडवे केले, तेव्हा कित्येक दिवस आमचे मशीन म्हणजे डाळतांदळाचे डबे ठेवण्याचा ओटा होता आणि विहिरीकडेचा धोंडा पुन्हा कामाला लागला होता. त्या धोंड्यावर आत्यांनी चाळीस वर्षे साऱ्या घराचे कपडे बडवले. त्यांच्या हातांचे काय झाले, हे तेव्हा कोणी उलटून पाहिले नाही.

आता धुणे झाले की रबराची घडी कोरड्या फडक्याने पुसली जाते आणि दार उघडे राहते. हे काम आम्हां दोघांपैकी जो आधी घरी येईल त्याचे. आत्या पलंगावरून विचारतात, "रबर पुसलंस मां?" चादरींना आता नुसता साबणाचा वास येतो, तोही थोडा.