अठरा अधिक सहा

सिंगल माल्टच्या बाबतीत करता येतील त्यातल्या बहुतेक चुका मी देवासला घरबसल्या केल्या, आणि त्या उघड झाल्या त्या धारला, सासुरवाडीत. सगळ्यात मोठी चूक हिशेबाची होती. नोकरीभर बँकेत आकडे जुळवलेल्या माणसाला तीच जास्त झोंबते.

मेहुण्याने परदेशातून येताना ड्यूटी-फ्रीमधून अठरा वर्षांची स्कॉच आणली. ती मी फोडली नाही. मुलीच्या लग्नाला अजून सहाएक वर्षं होती. तोवर ठेवली की चोवीस वर्षांची होईल आणि धारकरांवर छाप पडेल, असा बेत. धारची मंडळी पवारांच्या राजधानीतली. दुसरा बाजीराव आमच्या किल्ल्यात जन्मला, हे ऐकवल्याशिवाय तिथे चहा पुढे येत नाही. देवास म्हणजे त्यांच्या लेखी एका टेकडीखाली थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन गाद्या मांडून बसलेलं गाव. त्यामुळे चोवीस हा आकडा मला हवाच होता.

बाटली ठेवली दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमध्ये, पश्चिमेच्या खिडकीसमोर, आणि आडवी. वाइनची बाटली आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, असं कुठेतरी वाचलेलं. वाइनमध्ये अल्कोहोल बारा-तेरा टक्के, स्कॉचमध्ये किमान चाळीस, एवढा फरकही मी लक्षात घेतला नाही. इतक्या कडक द्रवात बूच भिजत राहिलं की ते भुसभुशीत होतं. त्यात माळव्याचे उन्हाळे. पारा चाळिशीपार गेला की बाटलीतली हवा फुगते, बुचावर दाब येतो. आणि तिरपं ऊन रोज थोडाथोडा रंग आणि वास खात असतं. आल्यागेल्याला मी ते शोकेस अभिमानाने दाखवत होतो.

लग्नानंतर धारला पुरुषमंडळींची बैठक बसली. बूच पिळलं तर निम्मं हातात आलं, निम्मं बाटलीच्या गळ्यात. ते काढायला गेलो तर त्याचा चुरा होऊन आत पडला. शेवटी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी मागवली, तिच्यावर मलमलीचा तुकडा घातला आणि ती सोनेरी स्कॉच काढ्यासारखी गाळली. तरीही मी जाहीर केलंच : चोवीस वर्षांची आहे!

बायकोचे मामा फौजेतून निवृत्त होऊन महूला राहिलेले. त्यांनी चष्मा लावून बाटली नीट वाचली. म्हणाले, "जावईबापू, अठराचीच आहे ही. काचेत काही पिकत नाही."

स्कॉच पिकते ती लाकडात. कायद्याने ती ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं राहावी लागते, आणि ते पिंप ७०० लिटरहून मोठं चालत नाही. लाकडातून व्हॅनिलासारखा गोडवा उतरतो, आधीच्या बर्बन किंवा शेरीची याद उतरते, आणि मद्याचा कच्चा उग्रपणा लाकूड शोषून घेतं. बाटलीत भरली की हे सगळं थांबतं. वरचा आकडाही सरासरी नसतो, मिसळलेल्या पिंपांपैकी सगळ्यात लहानाचं ते वय असतं. रंगावरून जुनेपण ओळखतो, अशीही माझी ऐट होती. मामांनी तीही उतरवली. रंग एकसारखा दिसावा म्हणून स्कॉचमध्ये साधं कॅरॅमल घालायला परवानगी आहे.

इतकं होऊनही त्या रात्री मी प्यायलो कशी, तर बर्फाने काठोकाठ भरलेल्या रुंद ग्लासात, वर सोडा, आणि चकण्याला लवंगेची तिखट रतलामी सेव. लवंगेने जीभ बधिर, बर्फाने वास गोठलेला. अठरा वर्षं लाकडाने केलेलं काम मी पाच मिनिटांत धुऊन टाकलं. चव कशी होती म्हणाल, तर सेव उत्तम होती.

फजिती झालेला माणूस एकदम कडवा होतो. तसा मी झालो. ट्युलिपच्या घाटाचे ग्लास मागवले आणि पाणी, बर्फ, सोडा सगळं वर्ज्य ठरवलं. नाक थेट ग्लासात खुपसायचो. अल्कोहोलची झणझणीत वाफ डोक्यात जायची आणि पुढे काहीच कळायचं नाही. तेही मेच्या दुपारी, जेव्हा खोलीतलं सगळंच तापलेलं असतं. कोणी सोड्याची बाटली उघडली की मी प्रवचन सुरू करायचो. एका मित्राने माझ्याकडे येणंच सोडलं. ती चूक मला बुचापेक्षा मोठी वाटते.

पाण्याच्या बाबतीत मी साफ चुकलो होतो. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ साली संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवलं, की धुराचा वास देणारं ग्वायाकॉल कडक मद्यात अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलेलं राहतं. थोडं पाणी घातलं की ते पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे नाकाजवळ. मग मी पाणी घालू लागलो, पण आमच्या बोअरिंगचं! १९९० साली रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे गाव. इथलं बोअरिंग म्हणजे पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरणारं पाणी. त्याने व्हिस्कीला खडूची चव आली आणि मी दोष दिला स्कॉटलंडला. आता फिल्टरचं पाणी घेतो, चमच्याने, थेंबाथेंबाने. नाक ग्लासच्या काठावर, तोंड किंचित उघडं. पहिला घोट अगदी लहान, फक्त जीभ सरावण्यापुरता. चव बघायची ती दुसऱ्या घोटापासून. वेळ रात्रीची. शब-ए-मालवाची एवढी ख्याती आहे, तर तिचा उपयोग करावा.

आकड्याच्या नादात आणखी एक गोष्ट हुकली. पुण्याच्या भाच्याने 'अमृत फ्यूजन' आणली, तेव्हा वय लिहिलेलं नाही म्हणून मी ती बाजूला सारली. बंगळुरूच्या जगदाळे घराण्याची ही कंपनी १९४८ची. त्यांनी आपली सिंगल माल्ट आधी विकायला काढली ती २००४ साली, थेट ग्लासगोत. जिम मरे यांच्या २०१०च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये फ्यूजनला जगात तिसरा क्रमांक मिळाला. वय न लिहिण्याचं कारण ऊन. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के मद्य उडून जातं, बंगळुरूत १० ते १२ टक्के. चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या मला हे गणित कोणी सांगायला नको होतं : २ टक्क्यांनी १८ वर्षांनंतरही पिंपात सत्तर टक्के उरतं, ११ टक्क्यांनी १२ वर्षांतच जेमतेम पाव. गरम हवेत लाकूड आपलं काम लवकर उरकतं आणि पिंपही लवकर रिकामं होतं. तिथे मोठा आकडा मागणं म्हणजे रिकामं पिंप मागणं.

आणि मोहाची. कुक्षीच्या शाखेत असताना वसुलीला गेलेल्या पाड्यावर एका भिलाला म्हाताऱ्याने पळसाच्या द्रोणात मोहाची पुढे केली. आधी दोन थेंब जमिनीवर, पूर्वजांना, मग पाहुण्याला. मी तोंड वाकडं करून द्रोण औषधासारखा एका घोटात रिता केला. साहेब ना मी! चैत्रात पहाटे टपटपणारी ती फुलं वेचायची, वाळवायची, आंबवायची, मडक्यांच्या भट्टीवर उतरवायची, एवढा खटाटोप त्या द्रोणात होता, आणि मनुकांसारखा तो वास मी नाकाजवळही येऊ दिला नाही. आज अलिराजपूरकडची मोहाची 'मोंड' नावाने सरकारी परवान्यासह बाटलीत मिळते. ती मात्र मी ट्युलिप ग्लासात घेऊन हुंगतो. त्या म्हाताऱ्याची माफी मागायची राहून गेली.

तुमच्या शोकेसमध्ये एखादी बाटली कुणाच्या तरी लग्नासाठी राखून ठेवलेली असेल, तर आजच ती उभी करा आणि उन्हातून हलवा. फोडल्यावर पावएक उरली तर लहान बाटलीत ओतून ठेवा, कारण मोकळ्या हवेने ती महिन्यागणिक फिकी पडते. ज्याला सोडा हवा त्याला सोडा द्या. लग्नाची वाट मात्र बघू नका.