ब्रायटन बीचची शिकवणी

न्यूयॉर्कच्या क्यू गाडीत बसून ब्रूकलिनच्या दक्षिण टोकाकडे निघालं, की वाटेत डब्यातली भाषा बदलते. मॅनहॅटनमध्ये कानावर येणारं इंग्रजी आणि स्पॅनिश हळूहळू उतरून जातं आणि शीप्सहेड बे येईपर्यंत सगळा डबा रशियनमध्ये बोलत असतो. पुढचं स्टेशन ब्रायटन बीच. लोखंडी खांबांवरून रूळ जातात आणि त्यांच्याच सावलीत बाजार भरतो. औषधांच्या दुकानांवर रशियन लिपीत 'अप्तेका', काचेमागे धुरावलेले मासे, पिंपात मुरवलेल्या काकड्या, वीटभर वजनाचे काळे पाव. गाडी डोक्यावरून गेली की बोलणारे मध्येच थांबतात आणि गाडी गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. दोन गल्ल्या ओलांडल्या की लाकडी फळ्यांचा रस्ता आणि त्यापलीकडे अटलांटिक.

१९७० च्या दशकात सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडू दिलेली ज्यू कुटुंबं इथे येऊ लागली. ओडेसाचे लोक इतके, की वस्तीला 'लिटल ओडेसा' नाव पडलं. १९८९ च्या लॉटेनबर्ग दुरुस्तीनं निर्वासित म्हणून येणं त्यांना सोपं झालं. कुणी युक्रेनचे, कुणी उझबेकिस्तानचे; पण अमेरिकेच्या लेखी सगळे 'रशियन'. आपल्याकडे विंध्याच्या वरच्यांनी खालच्या सगळ्यांना 'मद्रासी' म्हणावं, तसंच.

या वस्तीत मी २०१५ च्या सप्टेंबरपासून सव्वा वर्ष राहिले. सांगली जिल्ह्यातल्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, हे गेले, आणि मुलीनं मला एडिसनला आणलं. जावई चांगले, घर मोठं. पण दिवसभर ऐकू यायचं ते एकच वाक्य : "आई, तू बस." बसून बसून माणूस किती बसणार? तेव्हा मी सार्वजनिक वाचनालयाच्या स्वयंसेवी शिक्षकांत नाव दिलं. प्रौढांना इंग्रजी शिकवायचं, पगार नाही. थोडं प्रशिक्षण झालं आणि ब्रायटन बीच भागातल्या म्हाताऱ्या मंडळींचा गट माझ्या वाट्याला आला.

एडिसनहून तिथे जायला दोन तासांहून जास्त लागत. महिन्याभरात पाय बोलू लागले. वर्गातल्या एका जोडप्याची नात शिकायला बॉस्टनला गेली होती, तिची खोली रिकामी होती. त्यांच्या सुनेनं सुचवलं, सोमवार ते गुरुवार इथेच राहा. मुलगी म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील? मुलीचं घर असताना परक्यांकडे?" मी म्हटलं, "लोकांना सांग, आई नोकरीला आहे." भाडं घ्यायला ते तयार नव्हते. मी हट्टानं थोडं तरी देत राहिले, कारण फुकट राहिलेल्या माणसाला स्वयंपाकघरात आवाज उरत नाही.

त्या घरात पाऊल टाकल्यावर पहिली गोष्ट झाली ती चप्पल काढण्याची. दाराशी पाहुण्यांसाठी मऊ सपाता ओळीनं मांडलेल्या; त्यांना 'तापच्की' म्हणतात. उंबरठ्यावर उभं राहून हात मिळवायचा नाही, आत ये नाहीतर बाहेर थांब. प्रवासाला निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं आणि मगच उठायचं. मला तर वाटलं, मी आजोळी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, वडिलांचं नाव काय? रशियन रीतीप्रमाणे मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. नावापुढे वडिलांचं नाव लावतात, तेही मुलगा-मुलगीप्रमाणे बदलून. माझ्या वडिलांचं नाव वसंत, म्हणून मी झाले 'वसंतोव्ना'. अमेरिकेत आल्यापासून प्रत्येक फॉर्ममध्ये माझं मधलं नाव एका अक्षरावर येऊन थांबत होतं. इथे ते पुन्हा पुरं झालं, आणि तेही वडिलांचं. मी मनात त्यांना काका-काकू म्हणत असे. तोंडावर त्यांच्याच पद्धतीनं.

भाषेची गंमत तर रोजची. त्यांच्यात 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. इंग्रजीत दोघांना एकच 'यू', याचं काकूंना शेवटपर्यंत वाईट वाटलं. नात्यांचंही तसंच. नवऱ्याचा भाऊ 'देव्येर', आपला दीर. सासूला 'स्विक्रोफ', संस्कृतातली श्वश्रू. नणंदेला वेगळा शब्द, बायकोच्या भावाला वेगळा. इंग्रजीत सगळ्यांच्या गळ्यात 'इन-लॉ'ची एकच पाटी! सूनबाई म्हणाली, "म्हणजे इथे नणंदही कायद्यानंच मिळते." आम्ही दोघी खूप हसलो.

शिकवताना हेच साम्य आडवं येई. रशियनमध्ये 'अ' आणि 'द' ही उपपदं नाहीत, मराठीतही नाहीत. त्यामुळे काका प्रत्येक नामाशी थांबून माझ्याकडे बघत : इथे लावू की नको? व्ही आणि डब्ल्यू यांचं तर विचारूच नका. त्यांची जीभ दोन्हींचा एकच 'व' करते आणि आपलीही. मग आरशासमोर उभं राहून ओठांचा चंबू करायचा आणि 'वेदर, व्हेअर, विंडो' म्हणायचं, असा माझा आणि काकांचा सकाळचा कार्यक्रम ठरला. काकू मागून चहा घेऊन येत आणि दोघांकडे बघून मान हलवत.

एवढं सगळं कशासाठी, हे सांगायला हवं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस हौसेनं इंग्रजी शिकत नाही. म्हाताऱ्या, गरजू निर्वासितांना इथे एसएसआय नावाचा मासिक भत्ता मिळतो. १९९६ च्या कायद्यानं त्याला मुदत घातली आणि पुढच्या वर्षी ती वाढून सात वर्षं झाली. सात वर्षांत नागरिक झालात तर भत्ता चालू, नाहीतर बंद. नागरिकत्वाचा अर्ज करता येतो तो साधारण पाच वर्षांनी. म्हणजे हातात उरतात दोन वर्षं. वय पाहून इंग्रजीची सूट आहे, पण ती पन्नाशी उलटलेल्याला ग्रीन कार्डावर वीस वर्षं, किंवा पंचावन्न उलटलेल्याला पंधरा वर्षं काढल्यावर. सत्तरीत आलेल्या माणसाला ती कधी मिळणार? काका-काकू २००९ च्या नोव्हेंबरात आले होते. २०१६ चा नोव्हेंबर ही त्यांची रेघ. त्या वर्षी जोडप्याला केंद्र सरकारकडून मिळणारी कमाल रक्कम होती महिना ११०० डॉलर. त्या पैशांवर त्यांचं औषधपाणी चाले आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलासमोर हात पसरावा लागत नसे. "मुलगा देईल हो," काका म्हणत, "पण मागायला मला कोणत्याच भाषेत येत नाही."

परीक्षा अशी : इतिहास आणि राज्यकारभारावरचे शंभर प्रश्न आधीच छापून मिळत. त्यांतले दहापर्यंत तोंडी विचारत. सहा बरोबर आले की झालं. शिवाय एक इंग्रजी वाक्य वाचायचं, एक लिहायचं. (आता नवे नियम आले आहेत, प्रश्नही वाढले आहेत.) शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेची मुख्य चिंता कोणती, असा त्यांत एक प्रश्न आहे. छापील उत्तर, कम्युनिझम. काकांनी पहिल्यांदा ते वाचलं, छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मी!" अर्जात आणखी एक प्रश्न, तुम्ही कधी अट्टल दारुडे होता का? 'हॅबिच्युअल ड्रंकर्ड' म्हणजे काय, हे मला अभिनय करून दाखवावं लागलं. अर्थ कळताच काकूंनी बोट वर करून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे दाखवलं.

काका मूळचे लेनिनग्राडचे. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजेनं त्या शहराला वेढा घातला तेव्हा ते तीन वर्षांचे होते. वेढा पुरता उठला जानेवारी १९४४ मध्ये. पहिल्या हिवाळ्यात लहान मुलाच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येई, तोही निम्मा भेसळीचा. त्यांची धाकटी बहीण त्या हिवाळ्यात गेली. हे मला काकूंनी सांगितलं, त्यांनी कधीच नाही. ते फक्त जेवण झाल्यावर टेबलावरचे पावाचे कण तळहातानं गोळा करत आणि तोंडात टाकत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका कुणाविरुद्ध लढली, हा प्रश्न आला की पाठ केलेलं उत्तर देऊन ते खिडकीबाहेर बघत. त्या प्रश्नाचा सराव मी दुसऱ्यांदा घेतला नाही.

एकदा त्यांनी विचारलं, तुमच्याकडचं कुणी लेनिनग्राडला गेलं होतं का? मी त्यांना धर्मानंद कोसंबींची गोष्ट सांगितली. गोव्यातल्या साखवाळचा मुलगा बुद्धाचं तत्त्वज्ञान शिकण्यासाठी घर सोडून निघाला, नेपाळ, सिंहल फिरला, हार्वर्डला येऊन 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथावर काम केलं आणि १९२९ साली पाली शिकवायला चक्क लेनिनग्राडला गेला. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही ते कर्ज वसूल करायला आला नाहीत, आणखी वाढवायला आलात."

दिवाळीत मी त्यांच्या स्वयंपाकघरात करंज्या केल्या. पहिली करंजी लाटून भरली, तशी काकू ओरडल्या, "वारेनिकी!" त्यांच्याकडे बटाट्याचं किंवा ताज्या पनीरसारख्या 'त्वारोग'चं सारण भरून अगदी याच आकाराच्या करतात, पण उकडून. मी मुरड घालायला सुरुवात केली, तर त्यांनी माझ्या हातातून करंजी घेतली आणि अशी बारीक मुरड घातली की माझ्या आईनं पाठ थोपटली असती. त्या सुमारास काकू गोष्टी विसरायला लागल्या होत्या. सकाळी पाठ केलेला अध्यक्षांचा क्रम दुपारी राहत नसे. कधी नातीचं नावही. बोटांना मात्र सगळं आठवत होतं.

काकूंना परीक्षा जमणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शेवटी सूनबाईनं विषय काढला. आजारामुळे शिकणं शक्य नसेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर परीक्षेतून सूट मिळते. दाखला झाला, अर्ज गेला. मला वाटलं, काकू आता वर्गाला यायच्या नाहीत. सोमवारी बघते तर पहिल्या रांगेत, वही-पेन्सिल घेऊन. "मला परीक्षा नाही," त्या सगळ्यांना सांगत होत्या, "मी फक्त शिकते."

काकांची मुलाखत ऑगस्टमध्ये झाली. पहिल्या सातांतच सहा बरोबर आले. नागरिकांना मतदानाचा हक्क आहे, अशा अर्थाचं वाक्य लिहायला दिलं होतं. त्यात 'द' गाळला. नियमाप्रमाणे अर्थ बिघडला नाही तर असा छोटा शब्द राहिलेला चालतो. घरी येऊन म्हणाले, "वसंतोव्ना, वर्षभर तुम्ही 'द' शिकवलात, आणि सरकारला तो नकोच आहे!" काकूंचं काम ऑक्टोबरात झालं. कॅडमन प्लाझाच्या न्यायालयात त्यांनी शपथ घेतली. उजवा हात वर होता, डावा सुनेच्या हातात.

डिसेंबरात मी एडिसनला परतले, कारण मुलीचं बाळंतपण होतं. पण आता "तू बस" कुणी म्हणत नाही. आपल्या मंडळात मुलांसाठी मराठी शाळा आहे, ती हवीच. पण त्याच मुलांचे आजी-आजोबा ग्रीन कार्डावर येतात आणि फोन वाजला की उचलायला घाबरतात. औषधाच्या दुकानात काय विचारायचं, ९११ ला पत्ता कसा सांगायचा, बसचालकाला थांबा कसा विचारायचा, हे त्यांना कुणी सांगत नाही. मुलं सगळं करून देतात. मायेनंच करतात, पण त्या मायेतच माणूस मुका होतो. म्हणून शनिवारी सकाळी, मुलांचा वर्ग चालू असतो तेव्हाच, बाजूच्या खोलीत आम्ही आजी-आजोबांचा वर्ग भरवतो. सध्या अकरा जण आहेत. शिकवायला पदवी लागत नाही, धीर लागतो. ज्यांना दोन तास काढता येतील त्यांनी जरूर यावं. व्ही आणि डब्ल्यूसाठी एक मोठा आरसा मी आणून ठेवला आहे.