अवधाण

गेल्या हिवाळ्यात खानदेशातल्या असोद्याहून एक तिशीतला शेतकरी माझ्याकडे आला. सोबत बायको आणि आजी. हातात जाडजूड फाइल: तीन सोनोग्राफी, दोनदा काढलेलं रक्त, छातीचा एक्स-रे. रिपोर्ट सगळे चांगले. पण खुर्चीत बसल्यापासून त्याची दोन बोटं जबड्याखाली काहीतरी चाचपत होती. बायकोने हात खाली ओढला की दोन मिनिटांत तो पुन्हा वर.

"डॉक्टर, मले खरं सांगा. हा कॅन्सर तं नाही ना?"

दोन महिन्यांपूर्वी आंघोळ करताना उजव्या जांघेत त्याला सुपारीएवढी गाठ लागली होती. मोबाइलवर शोधलं, तर पहिल्याच पानावर कॅन्सर. मग त्याने काखा तपासल्या, मान तपासली. मानेत दोन बारीक गाठी सापडल्या आणि 'पसरला' असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. त्याचा चुलता तोंडाच्या कॅन्सरने गेला होता. त्याच्याही मानेत गाठ आली होती. तेव्हापासून याची झोप गेली, जेवण निम्म्यावर आलं, वजन उतरलं. आणि उतरलेलं वजन हा त्याला नवा पुरावा वाटू लागला.

इतका वेळ गप्प बसलेली आजी म्हणाली, "टाचीत पऱ्हाटीची खुटी घुसेल हाये त्याच्या. मी पह्यल्याच दिवशी म्हनलं, अवधाण आलं. कोन आयकतं?"

मी त्याला पाय वर घ्यायला सांगितलं. टाचेच्या भेगेत काळा ठिपका होता. दाबल्यावर पू आला. फाइलमधल्या एकाही कागदावर त्या टाचेचा उल्लेख नव्हता.

अवधाण हा शब्द मी लहानपणी रोज ऐकत असे. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, हाताला झाली की काखेत, ते अवधाण. जखम भरली की तेही बसतं. ज्या बायकांनी शरीरशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नाही, त्यांना गाठ एकीकडे आणि तिचं मूळ दुसरीकडे असतं, हे ठाऊक होतं. आज तो शब्द मागे पडला. उरला फक्त 'गाठ', आणि गाठ म्हटलं की कॅन्सर.

शेतकऱ्याला हे समजावणं सोपं आहे. कुठल्या वाफ्याचं पाणी कुठल्या चारीत उतरतं, हे त्याला माहीत असतं. शरीरातही रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी बारीक नळ्यांनी परत फिरतं आणि वाटेत लसीका ग्रंथींमधून गाळून जातं. अशा ग्रंथी सुमारे ६००. पायाचं पाणी जांघेत येतं, हाताचं काखेत, दातांचं आणि जिभेचं जबड्याखाली, डोक्याच्या कातडीचं मानेच्या मागे. जंतू आले की त्या-त्या ठिकाणच्या ग्रंथीत लढणाऱ्या पेशी वाढतात आणि ती फुगते. म्हणून मुलीच्या मानेमागे गाठ लागली तर मी आधी केसांत उवा पाहतो, जबड्याखाली लागली तर किडलेली दाढ. अंगाने सडपातळ माणसाच्या मानेत आणि जांघेत वाटाण्याएवढ्या, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी नेहमीच लागू शकतात. जुन्या संसर्गानंतर त्या जन्मभरही राहतात.

गाठीची भीती मात्र आपल्याकडे जुनी आहे आणि ती उगाच आलेली नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे तो खानदेशातही आला. जांघेत किंवा काखेत गाठ आणि अंगात ताप, म्हणजे माणूस काही दिवसांचा सोबती. लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहिले. असोद्याच्या लेक, कवयित्री बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, तेव्हा ऐन तारुण्यात होत्या. त्या पिढीला गाठीचं भय शिकवावं लागलं नाही. तो प्लेग गेला, भय राहिलं. त्याने फक्त नाव बदललं.

आणि काही गाठींना खरोखर वेळ देऊन चालत नाही. तरुण माणसाच्या मानेत एकाला एक चिकटलेल्या गाठी, संध्याकाळी बारीक ताप, हे आपल्याकडे बहुतेकदा क्षयाचं लक्षण असतं. तीच जुनी गंडमाळ. सुईने नमुना काढून ती ओळखता येते. सरकारी दवाखान्यात तिची औषधं फुकट मिळतात, साधारण सहा महिने घ्यावी लागतात, आणि पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो, हा समज खोटा आहे. त्याच समजापायी लोक तपासणी टाळतात आणि गाठीवर बिब्बा घालून कातडी जाळून घेतात.

कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही. ती खड्यासारखी कडक असते, खाली चिकटलेली असते आणि वाढत राहते. हासळीच्या हाडावर आलेली कुठलीही गाठ, तीन-चार आठवड्यांत न बसलेली आणि वाढणारी गाठ, सोबत रात्री अंथरूण भिजवणारा घाम किंवा कारणाशिवाय उतरणारं वजन, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातली तीन आठवडे न भरलेली जखम: यांपैकी काहीही असेल, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखूने सडलेली तोंडं मी दर आठवड्याला पाहतो. ती माणसं दुखत नाही म्हणून घरी थांबलेली असतात.

तरुणपणी मी घाबरलेल्या रुग्णाला "काही नाही, जा" म्हणत असे. ती माझी चूक होती. त्या वाक्याने धीर मिळतो तो बस स्टँडपर्यंत. घरी पोचेपर्यंत बोट पुन्हा गाठीवर जातं. दिवसातून वीस वेळा दाबलेली गाठ दुखू लागते, आजूबाजूचा भाग सुजतो, आणि ती वाढली अशी खात्री पटते. मग नवा डॉक्टर, नवी सोनोग्राफी, चार दिवसांचा दिलासा. हे दुखणं खरं असतं. ते गाठीत नसतं, एवढंच.

म्हणून मी त्या तरुणाचा हात धरून माझ्या स्वतःच्या जबड्याखाली ठेवला. तिथे एक बारीक गाठ आहे, कित्येक वर्षांची. त्याने ती सरकवून पाहिली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग टाचेतली काडी काढली, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. कॅलेंडरवर तीन रविवारांना गोल केले: गाठीला हात लावायचा तो फक्त त्या दिवशी, एकदाच. फोनमध्ये शोधायचं नाही. वाढली तर सुईची तपासणी, हेही तेव्हाच ठरवलं. बायकोला राखण नेमलं.

तिसऱ्या रविवारनंतर तो आला तेव्हा जांघेतली गाठ हरभऱ्याएवढी उरली होती. मानेतल्या होत्या तशाच होत्या आणि तशाच राहतील. भीती मात्र औषधाने बसली नाही. त्यासाठी त्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे पाच-सहा वेळा जावं लागलं. तो गेला, याचं मला त्या टाचेपेक्षा जास्त समाधान आहे.

वाचकहो, गाठ लागली तर आधी तिच्या वाटेवर पाहा: टाच, नखं, दात, केस. तीन आठवडे तिला वारंवार दाबू नका. वर सांगितलेली लक्षणं असतील तर तीन दिवसही थांबू नका. सगळे रिपोर्ट चांगले येऊनही झोप लागत नसेल, तर आणखी एक सोनोग्राफी करू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे. आणि घरात आजी असेल, तर तिलाही एकदा विचारा.