उधारीची वही

आमच्या दुकानात गल्ला म्हणजे एक सागवानी पेटी आणि पेटीखाली लाल कापडाच्या बांधणीची वही. कोणत्या गावच्या विद्यार्थ्याने तानपुरा नेला, किती दिले, किती राहिले, सगळं अब्बांच्या अक्षरात. शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारं सोडून वाद्यं घडवायला घेतली, तेव्हापासून मिरजेच्या आमच्या गल्लीचा व्यवहार असाच चालत आलेला. अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव. गाणारा माणूस दारात आला की पैशाची गोष्ट सर्वांत शेवटी निघते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. मैफली थांबल्या, संगीताचे वर्ग थांबले. वाळलेले भोपळे माळ्यावर पडून राहिले. पावसाळा संपताना आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं, वेबसाइट काढायची. थोरल्याला लाकूड कळतं, आपाला हिशेब आणि धाकट्याला संगणक.

फोटो चढले, किमती लिहिल्या. अडलं ते पैशापाशी. कार्डाचे पैसे वेबसाइटला थेट घेता येत नाहीत. मध्ये पेमेंट गेटवे लागतो. तो गिऱ्हाइकाच्या बँकेकडून रक्कम घेतो, कमिशन कापतो आणि दोन-तीन दिवसांनी उरलेली आपल्या चालू खात्यात टाकतो. आपाने हिशेब मांडला. तानपुरा २४,००० चा. २ टक्के म्हणजे ४८०, त्यावर १८ टक्के जीएसटी ८६ रुपये ४० पैसे. हातात २३,४३३ रुपये ६० पैसे. अब्बा म्हणाले, "हमाल भी तो लेताच है."

कागदपत्रं मात्र दोनदा परत आली. पॅन कार्डावर अब्बांचं 'मोहम्मद' पूर्ण, बँकेत आखूड करून 'मोहद' आणि दुकानाच्या परवान्यावर 'महंमद'. माणूस एक, नावं तीन. आपल्यापैकी किती घरांनी हे भोगलं असेल! बँकेत नाव दुरुस्त होईपर्यंत तीन आठवडे गेले.

मग गेटवेला माल परत घेण्याचे नियम लेखी हवे होते. भोपळा वाटेत फुटला तर काय, असं आम्ही अब्बांना विचारलं. "फूटा तो दूसरा देना. इसमें लिखने का क्या है?" तेच वाक्य मराठीत करून आम्ही नियम म्हणून टाकलं.

भांडण झालं ते हप्त्यांच्या बटनावरून. धाकट्याने बँकेच्या हप्त्यांची सोय चालू केली. त्याचं म्हणणं, व्याज बँक घेते, आपल्याला एक पैसा मिळत नाही. अब्बांचं म्हणणं, सूद आपल्या दारातून जातं, मग आपण निराळे कसे? दोन दिवस घरात कोणी नीट बोललं नाही. बटन तसंच राहिलं.

पहिली ऑर्डर आली धारवाडच्या एका मुलीची. आम्ही पेढे आणले. संध्याकाळी तिचाच फोन आला. "काका, माझ्या खात्यातून दोनशे चाळीसच गेले." धाकट्याचा चेहरा उतरला. गेटवेला रक्कम पैशांत सांगायची असते. २४,००० रुपयांसाठी २४,००,००० असा आकडा पाठवायचा. त्याने नुसते २४,००० पाठवले होते. चाचणीच्या वेळी खोट्या कार्डावर सगळं पार पडलं, म्हणून रक्कम कोणी नीट पाहिलीच नव्हती.

चूक दुरुस्त केली, तिचे २४० परत पाठवले आणि पुन्हा पैसे भरायला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, वडिलांचं काम टाळेबंदीत गेलंय, ती हप्त्यांचं बटन शोधत होती, पण तिच्याकडे तसं कार्ड नाही. सध्या निम्मेच आहेत. तानपुरा राहू द्या.

अब्बांनी फोन आपल्या हातात घेतला. "बेटी, आधे भेज. बाकी जैसा जमे वैसा. रियाज रुकना नक्को." आणि पेटीखालून वही काढली.

त्या रात्री धाकट्याने कोणी न सांगता ते बटन काढून टाकलं. त्या जागी एक ओळ लिहिली: 'हप्त्याने हवं असल्यास दुकानात फोन करा. व्याज नाही.'

मुलीने राहिलेले पैसे चौदा महिन्यांत फेडले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता पैसे बहुतेक मोबाइलवरूनच येतात. पण त्या ओळीवरून फोनही येतात. कोणी बुडवलं नाही असं नाही, दोघांनी बुडवलं. अब्बांनी ती पानं फाडली नाहीत, त्यांच्यावर रेघही मारली नाही. वहीत अजून जागा आहे, एवढंच ते म्हणतात.