बटण दाबलं, पण पुढे काय?

मित्रांनो, शीर्षक वाचून हा लेख हॉस्टेलच्या सोलर हीटरबद्दल आहे असं कुणाला वाटलं असेल तर त्याची निराशा होणार आहे. हा लेख आहे फॉर्म आणि क्लास यांच्या सोयरिकीबद्दल. कॉम्प्युटरवाल्यांनी 'हे तर आम्हाला येतं' म्हणून पान उलटू नये, आणि मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी 'हे आपलं नव्हेच' म्हणूनही उलटू नये. कारण हा विषय शेवटी आपल्या सगळ्यांच्या आईवडिलांच्या जन्मतारखेपर्यंत जाणार आहे.

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी हॉस्टेलची नोंदवही आणि मेसचा हिशोब यांसाठी एक छोटा प्रोग्रॅम करायला घेतला. इंटरनेट कधी असतं, कधी रुसतं, म्हणून ऑफिसातल्या एकाच पीसीवर चालणारा साधा डेस्कटॉप प्रोग्रॅम ठरला. भाषा सी प्लस प्लस आणि जोडीला क्यूटी. (याचा उच्चार 'क्यूट' असा करावा असं ते बनवणाऱ्यांचं म्हणणं आहे. आमच्या मजल्यावर मात्र कुणी तसं म्हणत नाही.) क्यूटीचं डिझायनर उघडलं की डाव्या बाजूला बटणं, चौकटी, याद्या असं सगळं दुकान मांडलेलं असतं. उचलायचं आणि फॉर्मवर ठेवायचं. रात्रीच्या जेवणाआधी फॉर्म तयार! नाव, खोली क्रमांक, खाडे, आणि खाली 'बिल काढा' असं ठसठशीत बटण.

मेसचे काका कौतुकाने बघायला आले. त्यांनी स्वतः माऊस धरून बटण दाबलं. बटण आत गेलं, बाहेर आलं. बाकी काही नाही. काका म्हणाले, "भो, बोर्ड तर भारी बसवला, पण वायर कुठे ओढली?"

काकांनी एका वाक्यात जे सांगितलं ते पुस्तकात एक प्रकरणभर असतं. डिझायनरमध्ये आपण काढतो ते फक्त चित्र. ते सेव्ह होतं एका एक्सएमएल फाईलमध्ये: अमुक चौकट इथे, तमुक बटण तिथे, त्याचं नाव हे. त्या फाईलला बिलाचं काही देणंघेणं नसतं. 'यूआयसी' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम ती फाईल वाचून तिच्यावरून सी प्लस प्लसचा एक क्लास लिहून देतो. त्या क्लासमध्ये 'सेटअप-यूआय' नावाचं एक फंक्शन असतं. ते बोलावलं की चित्रातल्या वस्तू मेमरीत खऱ्या उभ्या राहतात. आता वायर ओढायची आपण, आपल्या स्वतःच्या क्लासमधून.

इथे एक प्रश्न येतो आणि तो व्हायव्हालाही येतो: आपल्या क्लासने फॉर्मचा क्लास पोटात ठेवायचा, की त्याचा वारसा घ्यायचा? म्हणजे 'हॅज-अ' की 'इज-अ'? दोन्ही चालतं. तिसरा मार्गही आहे, प्रोग्रॅम चालू असतानाच एक्सएमएल वाचून फॉर्म उभा करण्याचा. पायथॉनवाले मित्र बऱ्याचदा तोच वापरतात. आम्ही पहिला मार्ग घेतला. फॉर्मचा एक पॉइंटर आपल्या क्लासमध्ये ठेवला की फॉर्म बदलला तरी बाकीच्या फाईली पुन्हा कंपाईल कराव्या लागत नाहीत, आणि आमच्या लॅबमधल्या जुन्या पीसीवर कंपाईलला लावून चहा पिऊन येता येतो, इतका वेळ लागतो.

ही व्यवस्था काही एका दिवसात आलेली नाही. फॉर्म ओढून-ताणून बनवण्याची कल्पना अ‍ॅलन कूपर यांनी १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टला विकली आणि १९९१ मध्ये तिच्यातूनच व्हिज्युअल बेसिक आलं. त्यात बटणावर डबल क्लिक केलं की थेट कोड लिहायची जागा उघडायची. सोपं होतं, पण फॉर्म आणि हिशोब यांची खिचडी व्हायची. पुढे २००५ हे वर्ष गमतीचं ठरलं. त्याच वर्षी क्यूटीची चौथी आवृत्ती आली आणि तिने यूआयसीने लिहिलेला क्लास आणि माणसाने लिहिलेला क्लास वेगळे केले. त्याच वर्षी सी शार्पमध्ये 'पार्शल क्लास' आला, म्हणजे एकच क्लास दोन फाईलींत: एक डिझायनरची, एक आपली. दोन वेगळ्या कंपन्या एकाच शहाणपणाला पोहोचल्या: यंत्राने लिहिलेल्या वहीत माणसाने लिहू नये. कारण फॉर्म पुन्हा सेव्ह झाला की ती वही नव्याने लिहिली जाते, आणि त्यात आपण टाकलेल्या ओळी पुसल्या जातात.

ज्युनियर मंडळींसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिली, नावाची. डिझायनर प्रत्येक वस्तूला आपणहून नाव देतं: पुश बटण, पुश बटण दोन, पुश बटण सात. फॉर्मवर वस्तू ठेवल्याबरोबर तिचं नीट बारसं करा. क्यूटीमध्ये नावावरून आपोआप वायर जोडायची सोय आहे. फंक्शनचं नाव ठराविक पद्धतीने ठेवलं की बटण त्याला आपोआप सापडतं. पण उद्या कुणी डिझायनरमध्ये नाव बदललं, तर प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाईल होतो आणि बटण मुकं होतं. कन्सोलवर एक इशारा येतो, तो वाचतो कोण? त्यापेक्षा 'कनेक्ट' स्वतः लिहावं. २०१२ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ते असं लिहिता येतं की नाव चुकलं तर कंपायलरच अडवतो.

दुसरी गोष्ट हिशोबाची. खाड्यांचा नियम बटणाच्या फंक्शनमध्ये कोंबू नका. सलग किती दिवस गैरहजर असल्यावर खाडा धरायचा, सणाच्या जेवणाचं काय, पाहुण्याच्या ताटाचं काय, हे सगळं 'मेस-खातं' नावाच्या वेगळ्या क्लासमध्ये ठेवा. त्या क्लासला फॉर्म कसा दिसतो हे माहीतसुद्धा नसावं. फॉर्मने फक्त विचारायचं आणि दाखवायचं. आमच्याकडे सत्राच्या मध्येच खाड्याचा नियम बदलला, तेव्हा फॉर्मला हातही लावावा लागला नाही. एका क्लासमधल्या चार ओळी बदलल्या आणि काम झालं.

इथपर्यंत हा लेख तांत्रिक होता. खरी गोष्ट पुढे आहे.

नोंदवहीच्या फॉर्मवर पालकांची माहिती होती. जुन्या कागदी वहीत 'वय' असा रकाना आणि त्यात निळ्या शाईत 'अं. ४५' असं काहीतरी असायचं. डिझायनरमध्ये तारखेसाठी तयार चौकट मिळते, कॅलेंडरसकट, दिसायला एकदम झकास. चाचणीसाठी धडगावकडच्या एका मित्राला बसवलं. त्याने आपलं सगळं भरलं आणि आईच्या जन्मतारखेपाशी हात थांबला. "आईच्या आधार कार्डावर नुसतं जन्मवर्ष आहे रे. तारीख नाहीच. इथे काय टाकू?"

आम्ही म्हटलं, रिकामं ठेव. पण गंमत अशी की ती चौकट रिकामी राहूच शकत नाही! तिच्यात कायम कुठली ना कुठली तारीख असते. आपण काहीच दिलं नाही तर १ जानेवारी २०००. सर्वांत जुन्या तारखेच्या जागी वेगळा मजकूर दाखवायची एक पळवाट आहे, पण ती दिसण्यापुरती. आत तारीख असतेच. म्हणजे मित्राची आई आमच्या प्रोग्रॅममध्ये मुलापेक्षा थोडीशीच मोठी ठरत होती.

मित्र हसला आणि म्हणाला, "आमच्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. गुरुजींच्या रजिस्टरमध्येही रिकामं ठेवायची सोय नव्हती." सगळे हसले. मग कुणी काही बोललं नाही. आमच्या चौघांपैकी दोघांच्या वडिलांचा वाढदिवस १ जूनलाच असतो.

याच संदर्भात मला टेंभली आठवली. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या, आणि पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण त्यामागेही संगणकावर एक फॉर्म होता, ऑपरेटर समोर बसून भरायचा, हे आपण विसरतो. नेटवर्क नसलं तरी नोंदणी करता यावी आणि माहिती नंतर पाठवता यावी, अशी सोय त्यात होती. माहिती देणाऱ्या माणसाकडे तोंड केलेला दुसरा मॉनिटर असायचा, म्हणजे आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय ते त्याला दिसावं. नाव, पहिलं-मधलं-आडनाव असं न तोडता, एकाच रकान्यात पूर्ण. आणि जन्मतारीख माहीत नसेल तर नुसतं वय चालायचं. तारीख असेल तर ती पुराव्यावरून घेतली की सांगण्यावरून, याचीही खूण असायची. कुठली माहिती घ्यायची आणि कशी, हे २००९ मध्येच एन. विठ्ठल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ठरवून दिलं होतं. म्हणजे, आपल्या भाषेत सांगायचं तर, आधी क्लास ठरला आणि मग फॉर्म निघाला.

आम्हीही तेच केलं. 'जन्म-नोंद' असा एक छोटा क्लास लिहिला. त्यात वर्ष असतंच, दिवस आणि महिना असतील किंवा नसतील, आणि सोबत एक खूण: पुराव्यानिशी, सांगितलेली, की अंदाजे. मग त्या क्लासकडे बघून फॉर्म पुन्हा काढला. कॅलेंडरची झकास चौकट गेली. तिथे वर्षाचा साधा रकाना आला आणि तीन गोल बटणं आली. फॉर्म आधीपेक्षा कमी देखणा दिसतो हे मान्य. पण मित्राने 'अंदाजे' वर टिचकी मारली, वर्ष टाकलं आणि सेव्ह केलं. आईचं वय आईचंच राहिलं.

तेव्हा मित्रांनो, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला बसाल तेव्हा डिझायनर जरूर उघडा, पण अर्ध्या तासाने. आधी कागदावर लिहा की ज्यांची माहिती भरायची ती माणसं कोण आहेत, आणि त्यांच्यापाशी काय आहे, काय नाही. चौकटीत माणूस बसत नसेल, तर चौकट बदलायची. ती बदलायचा अधिकार आपल्याच हातात असतो, आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत असे अधिकार फारसे मिळत नाहीत!

असो. बिलाचं बटण आता चालतं. काकांची तक्रार एवढीच आहे की त्यामुळे खाडे लपवता येत नाहीत.

— तृतीय वर्ष, संगणक शाखा