एकोणीस चालींचा डाव

बुद्धिबळाचा डाव म्हटला कीं, दुपारीं मांडलेला पट आणि दिवेलागणीपर्यंत जागचे न हालणारे दोन खेळगडी डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु १९६६-६७ सालीं मॉस्को व अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील दोन संगणक तारेनें चाली कळवून चार डाव खेळले, त्यांतील तिसरा अवघ्या १९ चालींत आटोपला. बीड येथें आमच्या ओसरीवर तो आम्हीं पुन्हां मांडून पाहिला, तेव्हां प्रथम हंसूंच आलें. काळा घोडा लागोपाठ पांच चाली वणवण फिरतो आणि शेवटीं एका प्याद्याच्या तोंडीं पडतो. त्या प्याद्यानें मोकळ्या केलेल्या वाटेनें पांढरा हत्ती आंत शिरतो, आणि वजीर मात करतो.

हरलेली स्टॅनफर्डची आज्ञावली आळशी नव्हती. ती पुष्कळ पुढचें पाही. मात्र निवडक चालींपुरतेंच. बाकीच्या चाली ती विचारापूर्वींच वगळी. मॉस्कोची आज्ञावली तितकें दूरचें पाहत नसे, पण एकूणएक चाल तपाशी. सामना तिनें ३-१ असा जिंकला.

आमच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांविषयीं, 'यांस दूरदृष्टि नाहीं,' असें सुशिक्षितांच्या बैठकींत सहज बोललें जातें. मुकादमाची उचल घ्यावयाची, दिवाळीच्या सुमारास नवराबायकोनें मिळून एक 'कोयता' होऊन कारखान्याची वाट धरावयाची, आणि अठरा वर्षें पुरीं होण्याआधींच मुलीचें लग्न उरकावयाचें! तिच्या शाळेचा डाव थोडक्यांत संपतो. पण तिला पुढें शिकविण्याची चाल त्या घरानें तोलून टाकून दिलेली असते काय? आमच्याकडे कामास येणाऱ्या एका बाईंनीं आम्हांस एवढेंच विचारलें, "पोरीला मागं ठिवली तर ती ऱ्हाईल कुठं?" या एका प्रश्नापाशीं ती चाल विचाराआधींच गळून पडत होती. वसतिगृहाची माहिती आम्हीं आणून दिली. बाईंनीं बाकीचा हिशेब आमच्याहून चोख मांडला. मुलगी आज दहावींत आहे.

दूरदृष्टीचा उपदेश सोपा आहे. डाव चालूं असतां त्या यंत्रास चाल सुचविण्याची मुभा कोणासच नव्हती; शेजारच्या घरीं ती सुचविण्यास आपल्याला कोणीं अडविलें आहे?