कोणत्या कंपनीचा बोर्ड?

उमरेडमध्ये राजकीय पक्ष पुष्कळ आहेत. आमच्या घरात मात्र बरीच वर्षं दोनच पक्ष होते. एक मामूंच्या कंपनीचा, दुसरा भाईजानच्या कंपनीचा. या कंपन्या काही त्यांच्या मालकीच्या नव्हत्या. दोन्ही तैवान बेटावरच्या, कॉम्प्युटरचे मदरबोर्ड बनवणाऱ्या. तिथल्या कुणी उमरेडचं नावही ऐकलं असण्याचं कारण नाही. तरी त्या कंपन्यांपायी माझे सख्खे मामू आणि माझा सख्खा थोरला भाऊ सहा वर्षं एकमेकांच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. त्या दोन कंपन्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर वाचणाऱ्यांतले काही लगेच मामूंच्या बाजूला जातील, काही भाईजानच्या, आणि सांगायचं ते बाजूलाच राहील.

मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात उभा बसवलेला तो हिरवा, निळा किंवा काळा पत्रा. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कीबोर्ड, सगळे त्यालाच जोडलेले असतात. मी हा धडा शिकवते तेव्हा दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, “टीचर, इसको मदर क्यूं बोलते?” मी सांगते की याच्यावर जे छोटे बोर्ड खोचले जात, त्यांना इंग्रजीत ‘डॉटरबोर्ड’ म्हणत. म्हणून ही त्यांची आई. वर्गातल्या मुलींना हे उत्तर फार आवडतं.

मामूंनी दुकान उघडलं ते 2002 च्या सुमारास. एमएस-सीआयटीचे दिवस होते. मास्तर, कारकून, खाणीतले बाबू, सगळेच कॉम्प्युटर शिकायला निघाले होते. मोठ्या कंपनीचा तयार कॉम्प्युटर परवडत नसे, म्हणून सुटे भाग आणून जोडलेला, म्हणजे ‘असेंबल्ड’ घ्यायचा. मामू सकाळच्या एसटीने 45 किलोमीटरवरच्या नागपूरला जात, सीताबर्डीतून भाग घेत आणि बोर्डाचा डबा मांडीवर धरून संध्याकाळी परत येत. त्यांच्याच दुकानात इनपेजवर मी उर्दू टायपिंग शिकले. आजूबाजूच्या उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका तिथेच टाइप होत.

त्या काळी ते कोणत्याही कंपनीचा बोर्ड बसवत. मग एकदा एका मास्तरांच्या कॉम्प्युटरचा बोर्ड आठ महिन्यांत गेला. नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याने हुज्जत न घालता दुसऱ्याच दिवशी नवा काढून दिला. मास्तरांसमोर मामूंची मान ताठ राहिली. त्या दिवसापासून मामू त्या कंपनीचे झाले.

भाईजान सोळाव्या वर्षापासून मामूंच्या हाताखाली शिकला. 2012 मध्ये त्याने स्वतःचं दुकान टाकलं आणि दुसऱ्या कंपनीचे बोर्ड ठेवले. कारण साधं होतं. त्या कंपनीच्या व्यापाऱ्याने त्याला महिन्याची उधारी दिली. नव्या दुकानदाराला महिन्याची उधारी म्हणजे काय, हे धंदा केलेल्यालाच कळेल.

म्हणजे एकाची निष्ठा बदलून मिळालेल्या मालातून आली, दुसऱ्याची उधारीतून. दोन्ही कारणं अगदी रास्त. पण दोन-तीन वर्षांत दोघंही ती विसरले. मामू म्हणू लागले, आमच्या बोर्डाची बांधणीच वेगळी. भाईजान म्हणू लागला, आमच्या बोर्डातलं तांबंच वेगळं. व्यापाऱ्याच्या वागणुकीची गोष्ट बोर्डाच्या अंगचा गुण होऊन बसली. गिऱ्हाईकही तसंच बोलू लागलं. ज्यांनी आयुष्यात कॅबिनेट उघडून पाहिलं नव्हतं, तेही चहाच्या टपरीवर अमुक कंपनीच कशी चांगली हे छातीठोकपणे सांगत.

मला नवल वाटे म्हणून मी या कंपन्यांचा इतिहास वाचायला घेतला. गिगाबाइट आणि एमएसआय या दोन्ही 1986 च्या. असूस 1989 ची. एसर या कंपनीतून बाहेर पडलेल्या चौघा इंजिनिअरांनी काढलेली. नाव घेतलं ते ग्रीक कथांमधल्या पेगासस या पंखांच्या घोड्याचं, त्यातली फक्त शेवटची चार अक्षरं. 2002 मध्ये असूसच्याच घरातून स्वस्त बोर्डांसाठी अॅसरॉक निघाली आणि पुढे त्याच बाजारात वेगळी चूल मांडून बसली. वाचताना मला हसू आलं. तिकडेही मामूंच्या दुकानातून भाच्याचं दुकान निघालेलं होतं.

ही चुरस खोटी नव्हती. 2008 मध्ये वीज कुणाचा बोर्ड जास्त वाचवतो यावरून असूस आणि गिगाबाइट यांच्यात उघड वाद झाला. त्याच वर्षी गिगाबाइटने बोर्डाच्या थरांत दुप्पट तांबं घातल्याची जाहिरात केली. भाईजानचं तांब्याचं पालुपद अशाच जाहिरातींमधून आलेलं. पण याच दोन कंपन्यांनी 2006 मध्ये मिळून एक कंपनी काढण्याची घोषणा केली होती. ती सोयरीक पुढे मोडली. व्यापारात वैर आणि सोयरीक यांत फार अंतर नसतं. ते अंतर आपण गिऱ्हाईक वाढवतो.

फरक असतोच, हेही खरं. 2000 नंतरच्या काही वर्षांत बोर्डावरचे कंडेन्सर फुगून फुटण्याची साथच आली होती. आतलं रसायन सदोष होतं, आणि एक-दोन नव्हे, अनेक कंपन्यांचे बोर्ड त्यात गेले. त्यानंतर द्रव नसलेले घट्ट कंडेन्सर आले. कुणी ते आधी वापरले, कुणी नंतर. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग कुणाचा दणकट असतो, कुणाचा काटकसरीचा. हे फरक पाहून कुणी निवड केली तर ती जाणत्याची निवड म्हणावी.

पण बोर्डाची मुख्य चिप, जिला चिपसेट म्हणतात, ती यांच्यापैकी कुणाचीच नसते. आज ती इंटेलची असते नाहीतर एएमडीची. 31 जानेवारी 2011 ला इंटेलने जाहीर केलं की आपल्या नव्या चिपसेटमध्ये दोष आहे, हार्ड डिस्क जोडायची काही तोंडं कालांतराने मंदावतील. त्या दिवशी सगळ्या कंपन्यांचे ते बोर्ड एकाच रांगेत उभे राहिले. डब्यावर नाव कुणाचंही असो, आजार एकच होता.

शिवाय कंपनी आपल्या निष्ठेला बांधलेली नसते. अॅबिट नावाच्या कंपनीवर जीव टाकणारे लोक जगभर होते. 1999 मध्ये तिने दोन स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर एकत्र चालवणारा बोर्ड काढला, तेव्हा हौशी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. 2008 च्या अखेरीस ती बंद झाली. आपल्याकडे ‘ओरिजिनल इंटेल बोर्ड’ म्हटलं की दुकानदार आवाज खाली आणून बोलत. जानेवारी 2013 मध्ये इंटेलने डेस्कटॉपचे बोर्ड बनवणं थांबवण्याचं जाहीर केलं. निष्ठावंतांना कुणी विचारलं नाही.

हे सगळं कपाटात ठेवण्यासारखं ज्ञान राहिलं असतं. पण आमच्या शाळेची कॉम्प्युटरची खोली मध्ये आली.

2014 मध्ये शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी चंदा करून दहा कॉम्प्युटर दिले. कुणी दुखावू नये म्हणून कमिटीने पाच मामूंकडून घेतले, पाच भाईजानकडून. न्याय झाला असं सगळ्यांना वाटलं. पुढे वॉरंटी संपली आणि दुरुस्त्या सुरू झाल्या. मामूंना बोलावलं की ते आपल्या पाचांकडे पाहत. उरलेल्या पाचांबद्दल म्हणत, “जिसका बोर्ड, उसकी बला.” भाईजानचंही तेच. दोघंही प्रामाणिक, दोघंही मजुरी न घेणारे. पण खोलीच्या मधोमध जणू सरहद्द पडली होती.

2018 च्या जूनमध्ये उन्हाळ्याची सुटी संपवून खोली उघडली तेव्हा दहातले चारच सुरू झाले. सहा बंद पडलेल्यांत तीन इकडचे होते, तीन तिकडचे. सेहेचाळीस अंशांचा उन्हाळा, वीज कमी-जास्त होणं आणि खाणीकडच्या रस्त्याची काळी धूळ, यांना कंपनी कळत नाही. नव्यांसाठी पैसे नव्हते. खोलीला कुलूप लागलं आणि आत मोडक्या बाकांचा ढीग वाढू लागला.

हे ज्यांना किरकोळ वाटेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलींना कॉम्प्युटरला हात लावायची दुसरी जागा नाही. घरी एक मोबाइल, तो अब्बांच्या खिशात. कॅफेत मुलीला पाठवत नाहीत. बारावीनंतर जी मुलगी नागपूरला जाते, ती पहिल्या दिवशी माऊस कसा धरायचा हे शेजारणीकडे चोरून पाहते. उर्दू माध्यमाची मुलं मागे का, यावर भाषणं पुष्कळ होतात. आमच्याकडे त्याचं एक कारण कुलपामागे पडलं होतं.

मी विज्ञान शिकवते. हेडमास्तरांची परवानगी घेतली, नववीच्या आठ मुली घेतल्या, एक स्क्रू-ड्रायव्हर, सायकलचा पंप आणि रंगकामाचे जुने ब्रश. सगळे डबे उघडून बाकांवर ओळीने मांडले. पंपाने धूळ उडवली. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले. हे मामूंच्या दुकानात मी शेकडो वेळा पाहिलेलं, आणि खोडरबर तर प्रत्येक मुलीच्या कंपासपेटीत असतंच. एवढ्यानेच एक सुरू झाला.

मग मी मुलींना प्रत्येक बोर्डावर छापलेलं वहीत उतरवायला सांगितलं. दहा मिनिटांत एक मुलगी दोन्ही बाकांच्या मध्ये उभी राहून ओरडली, “टीचर, ये दोनों का नाम तो एकच है!” मामूंच्या बोर्डावर आणि भाईजानच्या बोर्डावर, कंपनीच्या नावाखाली, दोन्हीकडे ‘एच 61’ हीच खूण होती. इंटेलचा 2011 चा तोच चिपसेट. प्रोसेसरची बैठक तीच, रॅम तीच. इकडच्याची रॅम तिकडे चालणार होती. सहा वर्षं दोन घरांत जे वैर चाललं होतं, त्याच्या आत एकाच आईच्या लेकी निघाल्या.

इकडचं तिकडे करत आम्ही दहातून सात चालू केले. उरलेल्या तिघांचे बोर्डच गेले होते.

भाईजानला कळलं तेव्हा तो काही बोलला नाही, पण दुकान उघडलं तेव्हापासून पडून असलेला एक कोरा बोर्ड घेऊन आला. मामूंच्या बंद मशीनमधला प्रोसेसर त्यात बसवला तर पडद्यावर काहीच येईना. बोर्ड जुना, प्रोसेसर त्याच्यानंतरच्या पिढीचा. बोर्डातलं बायोस, म्हणजे त्याला जागं करणारं मूळ सॉफ्टवेअर, नवं केल्याशिवाय तो या प्रोसेसरला ओळखणार नव्हता. आणि ते नवं करायला बोर्ड आधी सुरू व्हायला हवा, त्यासाठी आधीच्या पिढीचा प्रोसेसर हवा. शाळेतले सगळे प्रोसेसर नंतरचे. भाईजान म्हणाला, “मामू के दराज में होंगा.” सहा वर्षांनी त्याच्या तोंडून मामूंचं नाव आलं.

मी मागायला गेले. मामूंनी दराज उघडून प्रोसेसर काढला, मला द्यायला हात पुढे केला आणि परत घेतला. या बैठकीत 1155 बारीक सुया असतात. एक वाकली की बोर्ड गेला. “तेरे हात से नहीं होंगा, बिटिया,” म्हणाले आणि चष्मा घेऊन माझ्याबरोबर निघाले.

मुली भोवती उभ्या होत्या. मामूंनी श्वास रोखून प्रोसेसर बसवला, कडी लावली, बटण दाबलं. पडदा उजळला. मामूंनी वर न पाहता म्हटलं, “पेन ड्राइव्ह लगा.” भाईजानने लावला. माफी नाही, गळाभेट नाही. अर्ध्या तासाने दोघं मिळून मुलींना ओरडत होते की बायोस चढत असताना कुणी वायरीला पाय लावू नका.

त्यानंतरही मामूंची कंपनी मामूंचीच राहिली आणि भाईजानची भाईजानची. निष्ठा सोडा असं मी त्यांना कधी म्हटलं नाही. बदलून दिलेला माल आणि दिलेली उधारी विसरू नये, असंच मला वाटतं. फक्त ते देणं माणसाचं होतं. नागपूरच्या त्या दोन व्यापाऱ्यांचं. आणि आमच्या शाळेपुरतं बोलायचं तर, उन्हातान्हात सायकलवर येऊन मजुरी न घेता डबे उघडणाऱ्या या दोघांचं. सर्व्हिस सेंटर 45 किलोमीटर दूर असतं तेव्हा छोट्या गावात कंपनी म्हणजे तिची जबाबदारी अंगावर घेणारा माणूस.

मामूंनी 2021 मध्ये दुकान बंद केलं. भाईजान आता सीसीटीव्ही बसवतो. शाळेतले ते कॉम्प्युटर म्हातारे झाले. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली आणि विंडोज 11 त्या पिढीच्या मशीनना स्वीकारत नाही. काहींवर आम्ही लिनक्स टाकलं आहे. तरी नवे घ्यायला हवेत, आणि पुन्हा चंदा सुरू आहे.

कमिटीच्या सभेत पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला, “कोणत्या कंपनीचा बोर्ड घ्यायचा?” मी एक कागद करून नेला होता. चिपसेट कोणता. त्यावर पुढच्या पिढीचा प्रोसेसर चालेल का. वॉरंटी किती वर्षांची आणि नागपुरात ती कोण घेतो. बिघडलेला बोर्ड किती दिवसांत बदलून मिळतो. उमरेडला कोण येणार आणि दहाच्या दहा मशीन तोच पाहणार का. मामूंनी तो कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि विचारलं, “कंपनी का खाना किधर है?”

तो रकाना आहे. मी तो सगळ्यांत शेवटी ठेवला आहे.